सात गोल आणि एक ताडपत्री

३ ऑक्टोबर, शुक्रवार

...म्हणून मी म्हणतो, गेल्या वर्षी धनजले खाल्लेले सात गोल हे नुसते स्कोरलाइनवर सात असतात. खरं पाह्यलं तर चारच. दोन ऑफसाइड होते आणि एका वेळेस आमच्या गोलकीपरच्या, राजपालच्या, डोळ्यात सूर्य होता. मी स्वतः गोलच्या मागं उभा होतो, मले माहीत. पूर्ण मॅचभर त्याले गाइड केलं. लेफ्ट, राइट, स्टे ऑन युअर लाइन. घसा बसला माझा. तरी सात. यावरून धनजवाले किती डेंजर आहेत ते समजते.

आणि यंदा पुन्हा धनजमध्येच. अवे गेम. १२ तारीख, रविवार, चार वाजता.

प्रॉब्लेम असा, की पंधरा दिवसांपासून आमच्या इंझोरीच्या टीमनं बॉलले पाय लावला नाही. आधी ग्राउंडवर चिखल होता. चिखल वाळला त गावानं तिथं सोयाबीन वाळू घातलं. धनजवाल्यायचं ग्राउंड मोकळं. रोज प्रॅक्टिसचे व्हिडिओ स्टेटसले टाकून राह्यले.

संध्याकाळी तांड्यावर राजपालकडं गेलो. म्हणे, मंगळवारी चौदाले आमचा ट्रक निघते, ऊसतोडीले, कोल्हापूरकडं. मग थेट होळीले वापस. म्हणे, गेल्या वर्षी उसाच्या फडात सगळे मले सात नंबर म्हणत. यंदा ते डोक्यावर घेऊन नाई जायचं बे मले.

मी म्हटलं, टेन्शन घेऊ नको, मी असतो ना गोलच्या मागं. पन्नास फॅन घेऊन येतो.

तो उठून घरात गेला, दार लावून घेतलं. इमोशनल झाला असेल.

४ ऑक्टोबर, शनिवार

ग्राउंडवर जाऊन सर्व्हे केला. नऊ घरांचा माल. सोजरबाई आजी पायानं रेघा ओढत दाणे हलवून राह्यली होती. पोलाइटली सांगतलं, आजी, ग्राउंड स्पोर्टसाठी असते. आजी म्हणे, बाप्पा, तुमी धनजले काय दिवे लावले ते ऐकलं आमी. त्याच्यापरीस सोयाबीन बरं, वाळलं म्हणजे पोत्यात त जाते.

गावात स्पोर्टिंग कल्चर नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सोल्यूशन सापडलं.

सरपंच वैजयंतीताईकडं टाइप केलेला कागद घेऊन गेलो. नियम असा: गुरुवारपासून ग्राउंडवर ज्या घरचा माल, त्याच घरचा एक माणूस सूर्य निघाल्यापासून बुडेपर्यंत तिथं बसला पाहिजे. बकऱ्या शिरतात, कुत्रे लोळतात, म्हणून. खरी आयडिया वेगळीच आहे. ऐन सुगीत कोणाले माणूस बसवून ठेवणं परवडते? बुधवारपर्यंत सगळे आपोआप माल उचलतीन. याले इन्सेन्टिव्ह म्हणतात.

ताईनं दोनदा वाचलं. म्हणे, चांगलं आहे, पण नियम सगळ्याले सारखा राहीन हं पवन. मी म्हटलं, ऑफकोर्स. संध्याकाळच्या सभेत ठराव पास झाला, शिक्का बसला. सोजरबाईले मी स्वतः वाचून दाखवला.

इंझोरीले अशाच यूथची गरज आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

आमच्या फॅन क्लबच्या 'इंझोरी अल्ट्राज' ग्रुपवर पोल टाकला. मेंबर त्रेसष्ट. येणार म्हणणारे चार. त्यातला एक मी. एक रूपाली, माझी लहान बहीण. ती म्हणे चुकून दबलं.

दहावीत आहे, फुटबॉलचं काही समजत नाही. ऑफसाइड काय असते विचारे. पंधरा मिनिटं समजावलं. मग म्हणे, दादा, पण ते दोन्ही गोल त डायरेक्ट कॉर्नरवरून डोक्यानं मारलेले होते. कॉर्नरवर ऑफसाइड नसते म्हणे. मोबाइलवर पाह्यलं तिनं.

अर्धवट नॉलेज वाईट.

७ ऑक्टोबर, मंगळवार

बॅनर झाला. कापड लहान पडत होतं. घरात बाबाची नवी ताडपत्री होती, निळी, घडीही मोडली नव्हती. पांढऱ्या ऑइल पेंटनं इंग्लिशमध्ये लिहिलं: इंझोरी ल्ट्राज, अवर अवे फोर्ट्रेस. पहिला 'यू' राह्यला. दुरून समजत नाही. सुकायले गच्चीवर टाकली.

राजपालले दाखवली. फोर्ट्रेस म्हणजे काय म्हणे. मी म्हटलं, किल्ला. तो म्हणे, किल्ला आपल्या गावात राह्यते ना बे, त्यायच्या गावात कायले नेतो? कन्सेप्ट त्याच्या डोक्यावरून गेला.

आज आमचा माल हडंब्यातून, म्हणजे मळणी यंत्रातून, निघाला. बाबानं पोते भरले आणि नेऊन ओतले ग्राउंडवरच. मी म्हटलं, बाबा, गुरुवारच्या आत उचलाचं बरं. म्हणे, दोन दिवसाचं ऊन पाह्यजे फक्त. आभाळ साफ आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

चार वाजता आभाळ आलं. सगळं गाव ग्राउंडकडं पळालं. बाबा ओरडले, पवन्या, ताडपत्री आण. गच्चीवर गेलो. पेंट अजून ओला. घाईत घडी घातली त ताडपत्री ताडपत्रीलेच चिकटली. ग्राउंडवर एका टोकाले बाबा, एका टोकाले मी, ओढून राह्यलो. सुटली तेव्हा पाऊस थांबला होता. दहा मिनिटांचाच होता. नऊ घरांचा माल झाकलेला. आमचा भिजला.

बाबानं ताडपत्री जमिनीवर पसरली. अक्षरांकडं पाहत उभे राह्यले. त्यायले इंग्लिश येत नाही. रूपालीले विचारलं, काय लिहिलं वं हे? ती म्हणे, बाबा, परगाव हाच आपला किल्ला. बाबा म्हणे, मग सोयाबीन बी तिथंच वाळू घालाले पाह्यजे होतं.

हवामान खात्यानं काहीच सांगतलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

माझा नियम हंड्रेड पर्सेंट सक्सेसफुल. नऊ घरांनी सकाळीच माल उचलला.

राह्यलं एक घर. आमचं. ओल गेल्याशिवाय व्यापारी हात लावत नाही, अजून तीनचार दिवस ऊन पाह्यजे म्हणतात. बाबा दुसऱ्या वावरात. आई मजुरायसंग. बाबा म्हणे, नियम ज्यानं केला त्यानं बसावं. सहा वाजल्यापासून बसून आहो.

पॉझिटिव्ह गोष्ट ही, की टीमले पाऊण ग्राउंड मिळालं. इथूनच कोचिंग केलं. बॉल चार वेळा सोयाबीनमध्ये आला. राजपाल जवळ येऊन म्हणे, पवन, तू मॅन ऑन, मॅन ऑन ओरडतो ना, मी मग माणूस पाहत बसतो आणि बॉल निघून जाते. म्हटलं, प्रॅक्टिसनं होईन.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सोजरबाईले विचारलं, रविवारी माझ्या जागेवर बसशीन का? म्हणे, त्याच घरचा माणूस लागते. तूच त वाचून दाखवला मले कागद.

वैजयंतीताईले फोन केला, नियमात छोटी अमेंडमेंट पाह्यजे. ताई म्हणे, ठराव बदलाले सभा लागते. सभा सोमवारी.

मॅच रविवारी.

दिवसभर पायानं दाणे हलवले. काफ मसल्ससाठी उत्तम. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छत्तीस पावलं. वापस छत्तीस. मालाखालच्या निळ्या ताडपत्रीले चक्कर मारली त एकशे बारा. जेलमध्ये लोक पुस्तकं लिहितात म्हणे.

११ ऑक्टोबर, शनिवार

मास्टरप्लॅन. माल वाळला असं प्रूव्ह करायचं, आज भरायचा, उद्या फ्री. दाणा दातात धरून फोडला. कट्ट वाजला. बाबाले बोलावलं. बाबानं एक दाणा चावला. म्हणे, दाणा नाई वाजला, तुहा दात वाजला.

मग म्हटलं, रूपाली बसन, तीही घरचीच आहे. रूपाली म्हणे, मी त धनजले चालली. हेमसिंगभाऊच्या पिकअपमध्ये जागा आहे आणि मावशीकडं जाणंच होतं. आईनं हो म्हटलं.

ठीक आहे. लेडीज फॅन बेस वाढला पाह्यजे. तिले ढोलकं दिलं आणि दोन पानं इन्स्ट्रक्शन्स. कधी काय ओरडायचं ते मिनिटानुसार. बॅनर देता येत नाही. उद्याही आभाळ सांगतलं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ११. पिकअप ग्राउंडवरून गेली. टीम आणि सहा फॅन. हेमसिंगभाऊनं हॉर्न वाजवला. राजपाल उतरून सोयाबीनच्या काठापर्यंत आला. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, फोनवर गाइड करतो. तो म्हणे, फोन बॅगमध्ये राहीन. मग म्हणे, येतो, आणि गेला. पिकअपचा धुराळा लय वेळ रस्त्यावर होता.

४.००. सुरू झाली असेल. रूपाली फोन उचलत नाही.

४.२०. उचलत नाही. तिले मी सांगतलं होतं, विसाव्या मिनिटाले फर्स्ट चँट.

४.४५. मेसेज: ००. हे शून्य शून्य की नुसती चूक?

५.०५. दोन बकऱ्या शिरल्या. एक डाव्या बाजूनं, एक उजव्या. दोन्ही अडवल्या. पाहाले कोणीच नव्हतं.

५.२५. काहीच नाही. एवढ्या वेळात सात होऊ शकतात.

५.५०. मेसेज: जिंकलो १-०. शेवटी राजपालदादानं पेनल्टी अडवली.

ताडपत्रीभोवती पूर्ण चक्कर मारली, हात वर करून. रस्त्यावरून सोजरबाई म्हणे, काय झालं रे, साप निघाला का?

सूर्य बुडाले अजून दहा मिनिटं होती. नियमाप्रमाणं बसलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

माल वाळला. बाबानं दाणा चावला, मान हलवली. दुपारी पोते भरले. सभेत नियम बदलाची गरज आता कोणालेच वाटली नाही. उलट वैजयंतीताईनं तो कायमचा केला. टाळ्या वाजल्या.

रूपालीकडून डिटेल रिपोर्ट घेतला. माझी दोन पानं पिकअपमध्येच उडाली. ढोलकं मावशीकडं राह्यलं. गोलच्या मागं ती एकटीच उभी होती. काय ओरडली विचारलं. काहीच नाही म्हणे. फक्त पेनल्टीच्या वेळी हळूच म्हटलं, राजपालदादा, घाई नको करू.

याले कंपोजर म्हणतात. दुसऱ्या पानावर तिसरा पॉइंट होता माझा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तांड्यावर ट्रक भरला. भांडे, गाद्या, दोन बकऱ्या, सगळ्यात वर माणसं. राजपालची आई म्हणे, दिवाळी फडातच होईन. फडातल्या लोकायले फोन गेलेच होते, राजपालले आता कोणी सात नंबर म्हणत नाही. हसून राह्यला होता. असा हसताना त्याले वर्षभरात पाह्यलं नव्हतं.

मी म्हटलं, सॉरी यार, मी नव्हतो मागं. तो म्हणे, नाई बे, धनजमध्ये पहिल्यांदा मले बॉल येताना ऐकू आला.

ट्रक सुरू झाला तेव्हा त्यानं वरून वाकून माझा हात धरला. म्हणे, पवन, एक काम करजो. पुढच्या वर्षी धनजच्या मॅचच्या टायमाले बी काहीतरी वाळू घालजो.

मी म्हटलं, शंभर टक्के. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तरी मी हात हलवत होतो.

दुपारपासून याच्यावर विचार करून राह्यलो. ग्राउंड रिकामं झालं ते माझ्या नियमानं. प्रॅक्टिस झाली ती त्याच्यामुळं. म्हणजे जिंकलो कोणामुळं हे त्याले समजलेलं दिसते, आणि होम ऑपरेशन्स त्यानं कायमचं माझ्यावर सोपवलं. मले त असाच अर्थ लागला. की याच्यातून दुसराही काही अर्थ निघते? तुले काय वाटते?