खालचीचा वाटा

४ मे
सुईण म्हणून नेमणुकीची जागा मनापासून आवडली. तेम्पे तळ्याच्या काठाला खांबांवर उभी घरं. माझं उपकेंद्रही तसंच. फक्त त्याच्या जमिनीला लाकडी फळ्या आहेत, बाकी घरांना बांबूच्या कामट्या. होडी लागताच बायकांनी माझी पेटी उचलली, भाजलेला मासा आणि चिकट भात पुढे केला. इंदो सादियाह नावाच्या वयस्क बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं की लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, म्हणजे पोहायला शिकवणारी काठावरच बसणार. सगळ्या हसल्या, मीही. त्यांच्या सुनेचे, रोस्नाएनीचे, दिवस भरत आले आहेत. पहिलटकरीण. तपासली, सगळं ठीक.

९ मे
रोस्नाएनीला मुलगा झाला. नाव ठेवेपर्यंत इथे प्रत्येक मुलगा बाचोच. रडला छान, रंग उत्तम. नाळ कापून होते तोच सादियाह सुनेची छाती पिळायला बसल्या. पहिला पिवळा चीक कामट्यांच्या फटीतून खाली सोडायचा. पहिला खालचीचा, नंतरचा बाळाचा. खालची म्हणजे कोण, असं विचारलं. सादियाह पिळतच राहिल्या. मी त्यांचा हात धरला. समजावलं की चीक म्हणजे बाळाची पहिली लस, थेंबही सांडायचा नाही. शेवटी रोस्नाएनीनेच बाळाला जवळ ओढलं. पकड चांगली होती, गिळल्याचा आवाज येत होता. सादियाह सरकून बसत म्हणाल्या की ठीक आहे, तुम्ही शिकलेल्या. आता खाली काय सांगायचं तेवढं तुम्हीच सांगा.

१३ मे
बाळाचं वजन घटतच चाललं आहे. रोस्नाएनीची छाती काल दाटून आली होती, आज रिकामी पिशवी. तिचं म्हणणं असं की दुपारी कुशीवर झोपलं की जमिनीकडची बाजू कुणीतरी ओढतं. तिला वाटलं बाळच असेल. डोळे उघडले तर बाळ झोळीत. स्तनाग्राभोवती चोखल्याचा काळानिळा व्रण आहे. पकड चुकली, अशी नोंद केली. मग व्रण मोजला. एवढा घेर बाळाच्या तोंडात मावत नाही.
तिला आणि बाळाला उपकेंद्रात आणलं आहे, फळ्यांवर.

१५ मे
भर उन्हात तिच्या घराखाली उतरले. पाणी ओसरलंय, नुसता चिखल. फटीच्या बरोबर खाली वाडग्याएवढा खळगा, कडा चाटून चाटून गुळगुळीत. शेजारच्या घरांखालीही तसेच.
आधी वाटलं, मासा अडकलाय. चिखलात तोंड होतं. डोळे नव्हते. ओठ होते. गालाला बोट लावलं की भुकेलं बाळ तोंड वळवून शोधतं, तसे ते माझ्या चाहुलीकडे वळले.
उपकेंद्राच्या नोंदवहीत यातलं काहीच लिहिलेलं नाही.

१६ मे
रोस्नाएनी तापाने फणफणली आहे, शुद्ध नाही. सादियाह तिला होडीतून शहरातल्या इस्पितळात घेऊन गेल्या. बाळ माझ्या हातात ठेवलं. मी म्हटलं की त्याला आईबरोबर न्या. त्या म्हणाल्या, चीक बाळाचा असं तुम्हीच म्हणालात ना, मग बाळ तुमचं. होडीत बसता बसता माझ्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुमचाही पहिला अजून शिल्लकच आहे की, बाई. या वेळी कुणी हसलं नाही.
गावात डब्याचं दूध नाही. मागवलं आहे, येईल म्हणतात. पाजणाऱ्या दोघी आहेत. दोघींनी दारातूनच सांगितलं की आमचं आटलं. दोघींचे झंपर ओले होते.

१७ मे
झंपर ओला. माझा. पिवळं, घट्ट.
मला दिवस गेलेले नाहीत — शक्यच नाही. एखादं औषध, ग्रंथी, डोक्यातली गाठ — कारणं लिहून पाहिली. एकही —
फळ्यांखाली ओठांचा आवाज. बाहेर लख्ख ऊन आहे.
बाळाने रडणंही सोडलं. टाळू खोल गेली आहे.
दोन फळ्यांमध्ये बारीक फट आहे. दोन थेंब सोडले तर कदाचित — वाकले होते. पिळायला हातही लावला होता.
नाही. बाळाचा आहे.

नंतर
लावलं त्याला. पकड चांगली. गिळतोय. डाव्या हातात बाळ, उजव्याने लिहिते —
खालचा आवाज थांबला.
बाचो डावीकडे. उजवीकडेही ओढ बसते आहे. तिथे मी कुणालाच —