डिनाचा राखणदार

२९ ऑगस्ट

आलो एकदाचे प्रागला! ब्रनोहून निघताना डिना तोंड फुगवून बसली होती. मैत्रिणी सुटल्या, शाळा सुटली, सगळं माझ्यामुळे. पण लिबेनमधली ही जागा पाहिली आणि रुसवा कुठच्या कुठे पळाला. जुना बिअरचा कारखाना आहे. खाली माझी कार्यशाळा, दोन पुरुष उंच छत, आणि जिन्यानं वर गेलं की आमची खोली, तीही तितकीच उंच. "आई, इथं घरातच सायकल चालवता येईल," म्हणाली, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत दोन फेऱ्या मारूनही झाल्या.

सोळा वर्षं मी चहाची भांडी आणि फुलदाण्या घडवल्या. आता टीव्हीवरच्या भयमालिकेसाठी गोलेम घडवायचा. आपल्या ज्यू लोकांची राखण करायला धर्मगुरूनं नदीच्या गाळातून उभा केलेला तो मुका मातीचा माणूस. लहानपणी आजोबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा मी पांघरुणात शिरायचे. आज असते तर म्हणाले असते, ज्युडिता, शेवटी तुलाच त्याची गाठ घ्यावी लागली.

३ सप्टेंबर

दिग्दर्शक क्रिश्टोफ दिवसातून तीनदा येतो आणि तिन्ही वेळा नवीन काहीतरी सांगतो. त्याच्या मालिकेतला गोलेम म्हणजे शहराचा दाबून ठेवलेला संताप. दर भागात एक खून. माती नदीकाठचीच हवी, हा त्याचा हट्ट. आत लोखंडी सांगाडा, वर गाळ. उताणा झोपवूनच घडवतेय.

आज सल्लागार म्हणून लेडेरर आजोबा आले. प्रार्थनाघरात प्रार्थना म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे, जीभ मात्र पंचविशीतली. क्रिश्टोफचं सगळं व्याख्यान ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळा, गोलेम घाबरलेल्या माणसांनी घडवला होता. पोट भरलेल्या माणसांना तो कशाला लागतो?" क्रिश्टोफ हसला. हे वाक्य दुसऱ्या भागात घालू म्हणाला. आजोबांनी कपाळ बडवून घेतलं.

डिनाशी त्यांची गट्टी जमली आहे. तिच्या साखरेच्या आजाराचं कळल्यावर त्यांनी खिशातली चॉकलेटं निमूट परत खिशात घातली आणि तिला अक्रोड फोडून दिले.

९ सप्टेंबर

गोलेम तयार झाला. सव्वादोन मीटर. चेहरा मी मुद्दाम साधा ठेवलाय, नुकत्याच झोपेतून उठलेल्या शेतकऱ्यासारखा.

आज कपाळावरची हिब्रू अक्षरं कोरली. लेडेरर आजोबांनी कागदावर काढून दिली होती. कोरता कोरता लक्षात आलं, दोनच आहेत. आमच्या आजोबांच्या पोथीवर मी ती अक्षरं शिकले होते. तीन असली की होतं एमेत, म्हणजे सत्य, गोष्टीतला गोलेम त्यानंच जिवंत होतो. पहिलं गाळलं की राहतं मेत, मेलेला. लेडेरर आजोबांनी ते मुद्दाम गाळलं होतं. फोन केला तर म्हणाले, पोरी, टीव्हीला काय कळतंय, राहू दे तसंच.

पण कॅमेरा अगदी कपाळापाशी येणार. बघणाऱ्यांतला एखादा जाणता हसेल. माझ्या हातचं काम अर्धवट दिसेल.

मी ते गाळलेलं अक्षरही कोरलं.

११ सप्टेंबर

गोलेम उभा केला. साखळ्या लावून सहाजणांनी.

दुपारी डिना शाळेतून आली ती कोपर फुटलेलं घेऊन. निकोला नावाची मोठ्या वर्गातली मुलगी आहे. डिना सुई टोचून घेते म्हणून तिला 'चाळणी' म्हणते, वरून ज्यू म्हणूनही चिडवते. आज ढकललंन. डिना रडली नाही. मीच रडले. कार्यशाळेतच बसून तिचं कोपर धुतलं आणि रागाच्या भरात त्या मातीच्या ढिगाऱ्यावर ओरडले, "बघत काय उभा राहिलायस? राखणदार ना तू? हिला कुणीही दुखवता कामा नये, कळलं?"

डिना खुदकन हसली. म्हणाली, आई, त्यानं मान हलवली.

१२ सप्टेंबर

निकोलाचा हात मोडला. दोन ठिकाणी. मैदानाच्या भिंतीपाशी, मधल्या सुट्टीत. मुलगी काहीच सांगत नाहीये, नुसती दातखीळ बसल्यासारखी पडून आहे, असं शाळेतून कळवलं.

गोलेम जागेवर आहे. पण पाय ओले आहेत. मी तीन दिवस वाळवलेले पाय.

१४ सप्टेंबर

डिनाची दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिमटा उचलला आणि खिडकी चौकटीसकट आत आली. काचेचा चुरा झाला. डॉक्टर जिवंत आहेत. जबडा —

मी पाहिलं त्याला. भर उन्हात, रस्त्यावर. लोकांना वाटलं चित्रीकरण चाललंय. टाळ्या वाजवत होते.

१५ सप्टेंबर

सकाळची इन्सुलिनची सुई द्यायला वर गेले. दिवसातून चारदा देते, चार वर्षं देतेय. जिना करकरला. तो माझ्या मागून वर आला, मला बाजूला केलं, अगदी हळू, आणि डिनाच्या गादीपुढे उभा राहिला.

सुई टोचली की दुखतं. मी म्हणाले होते, कुणीही.

आज्ञा मागे घेतली. ओरडून, हात जोडून, आजोबांच्या पोथीतल्या शब्दांत. लेडेरर आजोबांना फोन केला. म्हणाले, बोललेलं परत घेता येत नाही, पोरी. अक्षर पुसावं लागतं, आणि ते ज्यानं कोरलं त्यालाच पुसता येतं. तू का गं कोरलंस?

अक्षर पुसायला मी स्टूल घेऊन मागून गेले. त्यानं माझं डावं मनगट धरलं. मोडलं.

१६ सप्टेंबर

क्रिश्टोफ आला. गोलेमच्या आत कुणीतरी माणूस आहे असंच त्याला वाटलं. "हेच! हेच मला हवं होतं!" म्हणत कॅमेरा मागवला. मग डिनाला पुढे ओढायला हात लावला.

त्याच्या माणसांनी त्याला बेशुद्धच पायऱ्यांवरून खाली उचलून नेलं.

रुग्णवाहिकेतले दोघे आले. ज्याच्या हातात सुई होती तो आता दवाखान्यात आहे. पोलीस अंगणात आहेत. गोळी झाडता येत नाही म्हणतात, मागे पोर आहे. आजोबा जिन्याखाली बसून प्रार्थना म्हणताहेत. त्यांचा आवाज बसलाय.

डिना सारखं पाणी मागते. पाणी तो देऊ देतो. पाण्यानं दुखत नाही.

१७ सप्टेंबर, सकाळ

तिच्या श्वासाला सडक्या सफरचंदाचा वास येतोय. डॉक्टर फोनवर म्हणाले, सुईशिवाय काही तासच. काहीही करा. काहीही म्हणजे काय ते सांगा ना, म्हटलं. ते रडायला लागले.

तिला पांघरूण घालतो तो. मातीच्या बोटांनी. नीट खोचतो.

दुपार

दोन्ही हात वहीवर दिसले की मला खोलीत बसू देतो. म्हणून लिहितेय. हात उचलला की वळतो. सुई माझ्या पायाशी आहे. डिना चार पावलांवर. फक्त चार —

डिनानं डोळे उघडले. कुजबुजली, आई, सुई सरकव इकडे. मी घेते टोचून.

मी म्हटलं, तो —

म्हणाली, मी म्हणजे कुणी थोडीच आहे. मी तर मीच.

पायानं सरकवली. हात वहीवरच. तिनं घेतली. टोपण निघत नाहीये. दातानं काढलं. तो माझ्याकडेच बघतोय. बघ, माझ्याकडेच बघ, मी लिहितेय, मी नुसती लिहितेय —

मान वळली.

वाकतोय. तिचा हात धरला त्यानं. हळू धरलाय. सुईसकट. डिना टाक ती, टाक खाली —

कपाळ खाली आलंय. झेप घेतली तर माझ्या हाताच्या टप्प्यात. अक्षर दिसतंय. पुसलं तर एवढा मातीचा डोंगर तिच्याच अंगावर — आणि नाही पुसलं तर मूठ —

मूठ मिटतेय. डिना माझ्याकडे बघतेय. "आई," म्हणाली. मी उठ —