पाळकांनी दिलेली पिठाची पिशवी

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी शिवणकारखान्यात जादा पाळीला जातेय.

तुमचा पगार कापला तरी दर रविवारी माझ्याकडून चर्चच्या दानाचे पैसे नेता, म्हणून आज पाळकांना जाब विचारायला गेले होते. तेच तुमच्याकडून पैसे उकळतात, असा माझा संशय होता. ते म्हणाले, "ताई, पगार कापल्यापासून त्यांनी काहीच दिलेलं नाही. उलट आम्हालाच तुमची काळजी वाटत होती." आणि पिठाची पिशवी माझ्या हातात दिली. मला मान वर करवेना.

पिशवी ओट्यावर आहे. ते पैसे कुठे जातात? आईंना मी अजून काही बोलले नाही. आधी तुमच्या तोंडून ऐकायचंय. झोपून जाऊ नका.

मी