आठ दिवसांचं फिरणं

बुधवार पेठ, सोलापूर
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. बुद्धप्रियास, आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? दीपकरावांचा खोकला गेला का? थोरलीच्या चष्म्याचा नंबर वाढला नाही ना? आणि धाकट्याचा हलणारा दात पडला, का अजून जिभेनं ढकलतोय? इकडं मी ठीक. कान तेवढे पार गेले. फोनवर तू बोलतेस आणि मला नुसतं चिमणी चिवचिवल्यागत ऐकू येतं, म्हणून हा कागद.

दिवाळीत तुम्ही तिघं आठ दिवस राहायला आलात आणि तिसऱ्या दिवशी परत गेलात. मुलं कंटाळली असं तू म्हणालीस. कंटाळणारच की. गेल्या पावसाळ्यात तुझी आई गेली तेव्हापासून घर सुनं, टीव्ही जुना, आणि तुमच्या नाशकासारखी चैन इथं नाही. पण बाई, हिंडायला पैसा कशाला लागतो? तुला आम्ही दर रविवारी फुकटच तर हिंडवलं.

म्हणून मे महिन्यासाठी मी आठ दिवसांचं ठरवून ठेवलंय. ऊन लई, तेव्हा सकाळी साडेसहाला नाहीतर दिवस कलल्यावर निघायचं. कंबर तलावावर पक्षी बघायचे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून माशांना चुरमुरे टाकायचे. रेल्वेच्या पुलावरून मालगाडीचे डबे मोजायचे. अठ्ठावीस वर्षं रूळ तपासलेत मी, तेव्हा मोजणीतली चूक काढायला आहेच. गल्लीतल्या पार्वतम्माच्या घरी माग अजून चालतो, तिथं चादरीवर मोर उठताना बघायचा. तिनं निरोप दिलाय की पोरांना खुशाल आण, पण मागावर धावणाऱ्या धोट्याला बोट लावलं तर बोटासकट विणून टाकीन. शेजारच्या इलाहीबक्षनं बजावलंय की पोरं त्याच्याच रिक्षातनं जातील, आणि भाड्याचं नाव काढलं तर दोस्ती संपली. उरलेले चार दिवस आत्ताच सांगत नाही.

एवढं करून मुलं कंटाळली तर या म्हाताऱ्याला उलटा टांगा.

लोभ आहेच, उन्हाळ्यात तो वाढवावा. उत्तर धाड.

तुझा आप्पा (हरिदास)

*

नाशिक, १७ एप्रिल

ती. आप्पांना, बुद्धप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

दात पडला. खोकला गेला. जयंतीच्या मिरवणुकीत धाकटा बापाच्या खांद्यावरून इतका ओरडला की दोन दिवस घसा बसला होता.

तुमचं पत्र थोरलीनं मोठ्यानं वाचलं. आप्पा, मुलं कंटाळली नव्हती. परतताना मासे बघायचे राहिले म्हणून धाकटा गाडीत रुसून बसला होता. निघाले ती मी. मुलांचं नाव पुढं केलं.

त्या रविवारी आपण कंबर तलावावर निघालो होतो. आम्ही तिघं रस्त्यावर, तुम्ही दारात कुलूप हातात घेऊन. घरात तोंड करून तुम्ही म्हणालात की मनकर्णा, आटप की, ऊन होईल. आणि थांबलात, आईसाठी थांबायचात तसेच. थोरलीनं माझ्याकडं बघितलं. आई जाऊन चार महिने झाले होते. मग तुम्ही कुलूप लावलंत आणि धाकट्याचं बोट धरून चालू लागलात. तुम्हाला कळलंही नाही. तुमचा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. मला आला. दिवसभर येत राहिला. दुसऱ्या दिवशी मी पिशव्या भरल्या.

यावंसं फार वाटतं, आणि त्या दाराशी उभं राहायची भीती वाटते. आठ दिवस म्हणजे आठ वेळा. रागावू नका. उन्हात हिंडू नका. माया आहे तशी असू द्या.

तुमची बुद्धप्रिया

*

सोलापूर, २५ एप्रिल

चि. बुद्धप्रियास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं. रागावू कशाला? उगाच लेकरांवर आळ घेतला मी. धाकट्याला सांग, मासे जागच्या जागी आहेत.

मी असं काही म्हणतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं. इलाहीबक्षला विचारलं. तो आधी रिक्षाची काच पुसत राहिला. मग वहीत लिहून दाखवलं की दर रविवारी म्हणतोस. त्याच्या घरच्या नूरबीभाभी तर ही हाक आली की साडेसहा झाले समजून दूध तापत ठेवतात. सगळ्या गल्लीला माहीत, आणि मला कुणी बोललं नाही.

बाई, एकोणचाळीस वर्षं मी त्या दारात तेच म्हणत आलो. तिची भाकरी बांधून व्हायची नाही, निघता निघता चपलेचा अंगठा तुटायचा, मग शेगडी विझवली का बघायला ती पुन्हा आत. मी कुलूप घेऊन करवादायचो. तेवढा उशीर धरूनच आपलं फिरणं असायचं. ती नाही हे डोक्याला कळलंय. जिभेला कोण सांगणार?

सवय मोडीन असं वचन देत नाही. ऐकूच येत नाही ते मोडू कसं? आणि खरं सांगू, मोडावंसं वाटत नाही. तेव्हा आठही दिवस ती हाक जाणार, हे धरून चाल. गेली की पळू नकोस. मुलांना सांग की आजोबा आजीला बोलावतायत. तुम्हीही माझ्याबरोबर जरा थांबा. मग कुलूप लावू आणि निघू.

गाडी कुठल्या तारखेची ते लिही. लवकर लिही, आणि अक्षर मोठं काढ.

तुझा आप्पा