करकोच्यांची एकोणिसावी गणती

रविवार, २२ डिसेंबर १९५७

आज पहाटे वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला भीमेकाठानं दीड कोस चाललो. चक्रवाकांची चार जोडपी, एक शेकाट्या, तारेवर नीळकंठ. या थंडीत जाती बेचाळीस झाल्या.

करकोचे वाळूवर उतरलेत. पण आज मोजायचे नाहीत! त्यांची गणती एकतीस तारखेलाच, दिस वर यायच्या आत, एकदाच. मिशनच्या डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेला नियम. बाई विलायतेला गेल्या, नियम राहिला. दहा पाखरांमागे एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. अठरा वर्षं खाडा नाही. वर्षअखेरच्या उपासनेत सगळे देवाचे उपकार मानतात, तेव्हा मी मनात तो आकडा त्याला सांगतो. सुतारापाशी द्यायला दुसरं काय आहे?

२५ डिसेंबर, नाताळ

बाळासो बागाईतदार करंज्या खायला आले. मिशनच्या देवळाचं छप्पर मी करतोय, त्याला सागवान तेच देतायत.

"योहानमामा, तुमचे करकोचे समदे एका जागी कवा सापडत्यात?"

मी फुगलो. बोललो — एकतीसला, उजाडता उजाडता, चिंचेसमोरच्या वाळूवर. एकही चुकत नाही!

२७ डिसेंबर

दौंडहून बाळासोंचे पाहुणे येतायत. बंदुका घेऊन. एकतीसला, उजाडता उजाडता!

तसाच त्यांच्या मळ्यावर गेलो.

"व्हय, तुमीच तर येळ सांगितली! हरभरा आमचा खात्यात, आन् मोजता तुमी. न्हाई म्हंजी, यंदा मोजायला सोपं जाईल — मेलेली हलत न्हाईत."

त्यांचे गडी हसले. मी हसलो नाही. अठरा वर्षं मी पाखरं मोजली ती यांच्या नेमासाठी?

रविवार, २९ डिसेंबर

हेन्री पाळकसाहेबांनी उपासनेनंतर बाजूला घेतलं. "सागवान अजून यायचंय, योहान. पाखरांपायी त्यांना दुखवू नका."

चिमणी पडली तरी देवाला कळतं, हे गेल्याच महिन्यात यांनीच सांगितलं! करकोचा तर चिमणीपेक्षा केवढा थोर. तोंडावर बोललो.

३० डिसेंबर

आधी मोजावं, मग उडवावं? पण मोजण्यापुरता उजेड झाला की नेम धरण्यापुरताही होतो. दोन्ही जमायचं नाही.

घरी बायकोला, दयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "अठरा वर्सं तुमच्या पाखरांपायी मी गार भाकर खाल्ली. आन् आता त्यांचं कालवण हुयाचं व्हय?" मग फडताळातून रॉकेलचा रिकामा डबा काढला. "ह्यो न्या. माझं ताट बडवू नका, पोचा यील."

३१ डिसेंबर

अंधारातच वाळूवर उतरलो. नुसती कुजबुज ऐकू येत होती — शेकड्यांनी असावेत. दोनशे? चारशे? थांबून बघायचा मोह झाला. देवाचं नाव घेतलं आणि डबा बडवला. सगळी नदीच उठल्यागत झाली!

बाळासोंची जीप आली तेव्हा वाळू मोकळी होती. "कुनी उठवली?" — "मी." डबा हातातच होता. "सागवान इसरा, मामा!" म्हणाले. म्हटलं, छप्पर बाभळीचं करीन, पण मीच करीन.

उजवा खिसा चिंचोक्यांनी भरलेला. वहीत लिहिलं —

करकोचे : मोजले नाहीत. उडवले.

आज उपासनेत देवाला हेच सांगायचं.