हॅडली कोचची वही

मी, शोभना विष्णू रिसबूड, वय ७६, राहणार श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं शाबूत आहे. दबाव भरपूर आला, त्याला जुमानलेलं नाही. आधीची मृत्युपत्रं रद्द.

१. घर मुलगा परीक्षित याला. तळघरातलं दार कुरकुरतं. बदलू नये, तेल घालावं.

२. पुरणयंत्र शेजारीण रत्नाला द्यायचं होतं. पण साक्षीदारानं मृत्युपत्रातून काही घेऊ नये, म्हणून तिनं त्यावर पाणी सोडलं. आता ते सून हिमानीला. ती पुरण विकतचं आणते, हे मला ठाऊक आहे.

३. एल्मर हॅडली यांची वही. १९०६ ते १९२४ ते आमच्या वेस्टब्रिज कॉलेजचे कोच होते. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल, तिन्ही तेच शिकवत, मैदानावरचं गवतही तेच कापत. मी तिथल्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, त्यांची चरित्रपुस्तिका लिहिली. वही त्यांच्या मुलीनं मला दिली. तसं पत्र आत आहे.

सामन्याआधी ते प्रत्येक खेळाडूची प्रकृती लिहीत. नोव्हेंबर १९१३ : ‘टॉमस क्विन. डोक्याला मार. डॉक्टर नको म्हणतात. खेळवणार.’ सामना जिंकला. तिसऱ्या दिवशी टॉमस गेला. कॉलेजनं ताप सांगितला, मीही पुस्तिकेत तापच लिहिला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही माहेरची शिकवण. टॉमसही मेलेलाच होता, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्याची मला लाज वाटते.

वही देव्हाऱ्यात, पोथीच्या रुमालात बांधून ठेवली. परीक्षित वीस वर्षं तिला नमस्कार करतो आहे.

तो त्याच कॉलेजसाठी देणग्या मिळवतो. शनिवारी नव्या क्रीडागृहाला हॅडलींचं नाव देणार. काल त्याला सगळं सांगितलं, तर म्हणाला, “आई, प्लीज, लेट इट गो ना. माझा जॉब जाईल. उद्या चारला येऊन घेऊन जातो.” बाळा, तू वाईट नाहीस. पण वही तुझ्या हाती गेली की पुन्हा कुणाला दिसणार नाही.

म्हणून माझ्यामागे ती टॉमसच्या भावाची नात नोरा क्विन हिला द्यावी. तो कशानं गेला, हे विचारणारी तिची अकरा पत्रं आली. अकराही वेळा मी ‘ताप’ असं कळवलं.

हे कलम वाचून दाखवायला नोराला बोलावलं होतं, ती आली. दुसरा साक्षीदार मात्र आयत्या वेळी फिरकला नाही. वही माझ्यामागे मिळणार असेल, तर त्याच्या जागी नोराला सही करता येत नाही. चारला वीस मिनिटं आहेत.

कलम ३ रद्द. वही आत्ताच तिच्या हातात दिली. नुसता रुमाल उरला, तो परीक्षितला.

शोभना वि. रिसबूड
श्रूजबरी, २ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३.५२

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही :
१. रत्ना मोघे, शेजारीण
२. नोरा क्विन, टॉमसच्या भावाची नात