मामा, सगळ्यांना पोचलेला निरोप

तीर्थरूप मामांना खुर्चीवरून उठून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी सांगते, तुम्ही गोळ्या लपवून ठेवता. ते आता तरी सोडा. मी मजेत आहे, आणि आज तुमच्या भाचीची कॉलर जरा ताठ आहे, तेव्हा चहा घेऊनच पुढे वाचा.

आमच्या ऑफिसात तीन प्रकल्प चालतात, दवाखान्याचा, वाचनालयाचा आणि बसपासचा. तिन्हीकडून लोकांना आठवणीचे मेसेज जातात. ते पाठवणारा कोड एकच, पण प्रत्येकाने आपापली नक्कल करून घेतलेली. (एकीतली चूक दुरुस्त केली, की उरलेल्या दोघी ती जपून ठेवायच्या.) मी तो कोड एका जागी आणला, नकला पुसायला लावल्या आणि बिल्ड टूलला, म्हणजे प्रोग्रॅम तयार होताना लागणारे भाग आणून जोडणाऱ्या साधनाला, सांगितलं की तिघांनाही इथूनच दे. वर ‘नेहमी सगळ्यात नवी आवृत्ती घे’ असंही लिहिलं. साहेब चक्क ‘छान’ म्हणाले. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा.

मंगळवारी मेसेज नीट जातो का हे बघायला मी मनात आलं ते वाक्य त्यात टाकलं, ‘मामा, गोळी घेतलीत का?’ आणि जेवायला गेले. परत येईपर्यंत टूलने ते नवं म्हणून उचललं होतं आणि ते शहरभर गेलं होतं. तिन्हीकडून एकदम, मामा, एकही प्रकल्प सुटला नाही. याला म्हणतात व्यवस्था. दवाखान्यातून एक तक्रार नाही, उलट दोनशे जणांनी ‘घेतली’ असं कळवलं. वाचनालयाच्या एका आजोबांनी घाबरून दोन वर्षं राहिलेलं पुस्तक परत केलं. बसपासवाल्या बायका मात्र ‘मामा’ म्हटल्याबद्दल चिडल्या, आणि आता साहेब म्हणतात, पुन्हा तीन नकला करा. माझी चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल, आणि ते मला खरंच सहन होणार नाही.

तुमची (अजून तरी नोकरीत असलेली) भाची

ता. क. हे मामा कोण, असं साहेबांनी विचारलं. घाईघाईत मी ‘आपल्या सामायिक कोडचे ज्येष्ठ सल्लागार’ असं सांगून बसले. ते गुरुवारी तुम्हाला फोन करतील. तुम्ही घड्याळं दुरुस्त करता हा विषय काढू नका. ‘कोड एकच ठेवा, फक्त कुठली आवृत्ती घ्यायची ते ठरवून द्या’ एवढं जड आवाजात म्हणा आणि खोकल्याचं निमित्त करून फोन ठेवा.

ता. क. आणखी एक. नकला ठेवाव्यात का, असं विचारलं तर साफ नाही म्हणा. पुसायला लावलेल्या तिन्ही माझ्याकडे आहेत, आणि मंगळवारपासून दवाखाना त्यांतल्याच एकीवर चालू आहे.